रुजू

मराठीत माणूस नोकरीवर रुजू होतो. बदली झालेला शिक्षक नव्या शाळेत जातो, मुख्याध्यापकांपुढे आदेशाचा कागद ठेवतो, हजेरीपटावर सही करतो आणि रुजू होतो. जिल्हा परिषदेच्या नोकरीत मी स्वतः पाच वेळा रुजू झाले. आमच्या मोहल्ल्यात मात्र हा शब्द दुसऱ्याच कामाचा आहे. एक तलाक देऊन बसलेला नवरा इद्दत संपायच्या आत बायकोला पुन्हा नांदवायला घेतो, त्याला 'रुजू करना' म्हणतात. मूळ अरबी शब्द एकच, परतण्याचा. एका वाटेने तो दप्तरातून कचेरीत गेला, दुसऱ्या वाटेने काजींच्या तोंडून घरात आला. कचेरीतला रुजू मी रोज पाहिला. घरातला क्वचितच पाहिला. कादंबऱ्यांत मात्र तो ढिगाने वाचला.

होय, त्याच कादंबऱ्या. हरवलेले प्रेम, वर्षांची ताटातूट, मग अवचित भेट आणि पुन्हा एकदा निकाह किंवा सप्तपदी. आपण लिहिणारी माणसे तलाकवर लिहितो, दंगलीवर लिहितो, शिक्षणावर लिहितो. या कादंबऱ्यांना आपण बायकांचा टाइमपास म्हणतो आणि बाजूला सारतो. पण आमच्या औशातल्या आणि आसपासच्या कितीतरी घरांत पुस्तक म्हणून कुराण शरीफच्या खालोखाल वाचले गेले ते हेच. एवढ्या बायकांनी एवढी वर्षे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा का वाचली, याचा विचार करायला हरकत नसावी.

मी शाळा मराठी शिकले. उर्दू मला मदरशात आली नाही, ती गुलशन नंदांनी शिकवली. माझी फुफी, म्हणजे अब्बांची बहीण, तेव्हा उमरग्याला नांदत होती. उन्हाळ्याच्या सुटीत मी तिच्याकडे जाई. तिथे एका किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत पुस्तके भाड्याने मिळत. रोजचे दहा पैसे. पुस्तकांची कव्हरे गेलेली, पहिली आणि शेवटची पाने दोऱ्याने शिवलेली. फुफीने मला अलिफ-बे शिकवले ते याच कामासाठी. ती भाकरी थापायची आणि मी चुलीपाशी बसून अडखळत वाचायची. गुलशन नंदा, रझिया बट, दिल्लीच्या 'शमा' आणि 'बानो' मासिकांतल्या क्रमशः कथा. एखादा शब्द मला लागला नाही तर ती तव्यावरची नजर न हलवता सांगायची. तिला पुढचे पान आधीच माहीत असायचे.

या गोष्टींचा नकाशा ठरलेला. दोघे एकमेकांचे असतात. मग गैरसमज होतो, बहुतेक वेळा सासू, नणंद किंवा श्रीमंत मामेबहीण तो घडवून आणते. चार वर्षे जातात, आठ वर्षे जातात. मग एखादे आजारी मूल, रेल्वेचा डबा किंवा दवाखान्याचा व्हरांडा दोघांना समोरासमोर उभे करतो. हे काही आपल्याकडचेच नाही. इंग्रजीत जेन ऑस्टिनची 'पर्स्युएशन' तिच्या मृत्यूनंतर 1817 च्या अखेरीस छापून आली. तीत घरच्यांच्या सल्ल्याने ॲन एका तरुण नौदल अधिकाऱ्याला नकार देते आणि आठ वर्षांनी तो कॅप्टन होऊन परत तिच्या गावात येतो. आज इंग्रजीत 'दुसरी संधी' नावाचा प्रेमकथांचा वेगळा कप्पाच आहे. आणि मराठीत मोबाइलवर 'प्रतिलिपी' उघडली की पहिल्या नवऱ्याच्या परतण्याच्या गोष्टी भाग पंचावन्न, भाग छप्पन्न अशा चालूच असतात.

गुलशन नंदांच्या 'कटी पतंग'चे मला फार दिवस नवल वाटत होते. राजेश खन्ना आणि आशा पारेख यांच्या चित्रपटामुळे ती गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. मधू ऐन लग्नातून पळून जाते. ज्याच्यासाठी पळाली तो लबाड निघतो. मग रेल्वे अपघातात मरणाऱ्या विधवा मैत्रिणीचे नाव आणि तिचे मूल घेऊन ती मैत्रिणीच्या सासरी जाते, आणि तिथे तिच्या प्रेमात पडतो तो नेमका तिने मांडवात सोडलेला नवरा मुलगा. म्हणजे तिला दुसरी संधी मिळते, पण स्वतःच्या नावाने नाही. दुसरीच्या नावावर, पांढऱ्या साडीत आणि खोटे बोलून. फुफीला ही गोष्ट फार आवडे. मी तिला म्हटले होते, "पण फुफी, ती तर सगळ्यांना फसवते." ती म्हणाली, "सच बोल्ती तो दरवाजे में खडे करते क्या उसकू?"

फुफीचे स्वतःचे सांगते. ते सांगितल्याशिवाय तिचे वाचन कळणार नाही.

तिचा पहिला निकाह 1961 साली झाला. नवरा निलंग्याकडचा, कचेरीत कारकून. तीन वर्षांत मूल झाले नाही. त्याच्या आईने धोशा लावला आणि 1964 मध्ये फुफी माहेरी आलेली असताना तलाकचा कागद आला. अम्मीने तो कागद पाहिला होता. त्यावर तलाक हा शब्द एकदाच लिहिलेला होता. इद्दत सरली. दोन वर्षांनी तोच माणूस आपल्या चाचांना घेऊन औशाला आला. बैठकीत बसला, चहा घेतला, आणि मान खाली घालून म्हणाला की झाले ते चुकले, नव्याने मेहर बांधून निकाह करू इच्छितो. दादा, म्हणजे अब्बांचे वडील, तडक उठले. आम्ही तुला मुलगी दिली, मान दिला, तू ती कागदावर परत पाठवलीस, आता या घराचा उंबरा तुला दिसायचा नाही, असे म्हणून त्यांनी त्याला वाटेला लावले. मोहल्ल्यात दादांची वाहवा झाली. फुफी आतल्या खोलीत तूर निवडत होती. मधे फक्त पडदा. तिला कुणी विचारले नाही. अम्मी सांगायची, "हाथ रुक्या नै उसका. निवडती रही."

पुढच्या वर्षी उमरग्याच्या एका विधुराशी तिचा निकाह लावला. त्याला चार मुले होती आणि तो तिच्याहून वीस वर्षांनी मोठा होता. वकील आणि गवाह आत आले, त्यांनी विचारले, ती गप्प राहिली. गप्प म्हणजे हो, असे ठरले.

इथे थोडे थांबते, कारण हे अनेकांना माहीत नसते. गप्प राहणे म्हणजे होकार, ही सवलत कुंवाऱ्या मुलीच्या लाजेसाठी आहे. जिचा एकदा संसार झाला आहे, ती विधवा असो की तलाकशुदा, तिचा होकार तिच्या तोंडून स्पष्ट यावा लागतो. हदीसमध्ये हा फरक केलेला आहे आणि फिकहच्या पुस्तकांतही तो आहे. म्हणजे दुसऱ्या खेपेला बाईचा शब्द पहिल्या खेपेपेक्षा वजनदार धरला आहे. आपल्या रिवाजाने उलटे केले. पहिल्या निकाहला निदान आई कानात विचारते, पोरी पसंत आहे का. दुसऱ्याला कोण विचारतो? मिळतो आहे तो घे, एवढेच.

उमरग्याचा नवरा वाईट नव्हता. तिने चार मुले वाढवली, त्यांची लग्ने केली. 1989 साली तो गेला आणि काही महिन्यांनी ती एक पत्र्याची पेटी घेऊन औशाला आमच्याकडे राहायला आली. पेटीत कपडे थोडे आणि शिवलेली पुस्तके जास्त. पुढे तिला मोतीबिंदू झाला, ऑपरेशननंतरही बारीक अक्षर दिसेना, आणि वाचण्याचे काम पुन्हा माझ्याकडे आले. शाळेतून आले, चहा झाला की दोन प्रकरणे. मी शाळेच्या ग्रंथालयातून आणून मराठीही वाचून दाखवी. खांडेकरांची 'अमृतवेल' तिला पटली. ठरलेला नवरा अपघातात गेल्यावर पुन्हा उभी राहू पाहणारी नंदा तिला आपली वाटली. फक्त माणसे फार बोलतात अशी तिची तक्रार होती.

2014 मध्ये 'जिंदगी' नावाची वाहिनी सुरू झाली आणि पाकिस्तानी मालिका औशाच्या घराघरांत आल्या. दोन वर्षांनी उरीच्या हल्ल्यानंतर त्या बंदही झाल्या. पण तेवढ्यात 'हमसफर' सगळ्यांनी पाहून घेतली. फरहत इश्तियाकच्या कादंबरीवरची मालिका. सासू कपट रचते, गरोदर खिरदला रात्री घराबाहेर काढले जाते, चार वर्षांनी मुलीच्या हृदयाच्या ऑपरेशनसाठी ती नवऱ्यापुढे उभी राहते, खरे काय ते उघड होते आणि घर पुन्हा जुळते. आमच्या घरी शेवटच्या भागाला आठ बायका जमल्या होत्या. सगळ्यांचे डोळे ओले. फुफी एकटी कोरडी. ती म्हणाली, "इत्ती जल्दी माफ काय कू करी गे ये?"

तेव्हापासून मी या कादंबऱ्या निराळ्या नजरेने वाचू लागले. दुसरी संधी, दुसरी संधी म्हणतात, ती कुणाला मिळते? बहुतेक वेळा चुकलेल्याला. तो परत येतो, तो पस्तावतो, तो दारात उभा राहतो, पाऊस त्याच्यावर पडतो. बाईच्या वाट्याला ती संधी देण्याचे काम येते. आणि ती देणार हे लेखकाने आधीच ठरवलेले असते. सगळी उत्सुकता 'तो येईल का' याची. 'ती काय म्हणेल' हा प्रश्न शेवटच्या अर्ध्या पानात उरकतात.

याला एक अपवाद मी थिएटरात पाहिला. बी. आर. चोप्रांचा 'निकाह', 1982. लातूरला टॉकीजमध्ये आमच्या बायका टेम्पो करून गेल्या होत्या. नीलोफरला पहिला नवरा रागाच्या भरात तलाक देतो, तिचा दुसरा निकाह होतो, मग पहिला परत येतो. दुसरा भला माणूस. त्याला वाटते हिचे मन अजून तिकडेच आहे. तो तिला सोडून, उदार होऊन, पहिल्याच्या हाती द्यायला निघतो. आणि ती दोघांनाही फटकारते. एकाने सोडले, दुसरा देऊ करतो आहे, मला कुणी विचारले का, असा तिचा सूर. अचला नागर यांनी लिहिलेला तो प्रसंग. परतताना टेम्पोत भांडणे झाली. निम्म्या जणी म्हणाल्या, पहिल्याकडे जायला हवे होते, पहिला तो पहिला. चित्रपटातल्या मुसलमानांच्या राहणीबद्दल माझे आक्षेप आहेत, ते कधी तरी लिहीन. पण तो शेवट आमच्या वाचलेल्या सगळ्या पुस्तकांहून वेगळा होता.

आता तो दिवस सांगते ज्यासाठी हे लिहायला घेतले.

फुफीच्या शेवटच्या वर्षांत मी तिला कादंबरीबरोबर कुराणाच्या तर्जुम्याची आणि तफसीरची पानेही वाचून दाखवी. एका रमजानमध्ये सूरह बकरा चालू होती. तलाकच्या आयती आल्या. तलाक दोनदापर्यंत परतीचा आहे, मग भलेपणाने ठेवणे किंवा भलेपणाने सोडणे, हे तिला ऐकून माहीत होते. पुढे 232 वी आयत आली. बायकांना तलाक मिळाला, त्यांची मुदत पुरी झाली, आणि त्या व त्यांचे पूर्वीचे नवरे रीतीने एकमेकांना राजी असतील तर त्यांना निकाहपासून अडवू नका, असा तिचा आशय. खाली तफसीरमध्ये ती आयत कशावरून उतरली ते दिले होते. बुखारीत आलेली हकिकत आहे. माकिल बिन यसार नावाचे सहाबी होते. त्यांच्या बहिणीला नवऱ्याने तलाक दिला, इद्दत सरली, मग तोच पुन्हा मागणी घालायला आला. माकिल संतापले. मी तुला बहीण दिली, तुझा मान ठेवला, तू तिला सोडलेस, आता ती तुला मिळणार नाही. माणूस तसा वाईट नव्हता आणि बहिणीलाही परत जायचे होते. तेव्हा ही आयत आली, आणि माकिल यांनी आपला राग गिळून बहिणीचा निकाह त्याच्याशी लावून दिला.

मी वाचून थांबले. फुफी पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग विचारले, "ये अब्बा को मालूम था क्या गे?"

मी काय सांगणार? दादा रोज फजरनंतर तिलावत करीत. रमजानमध्ये दोन खत्म. अर्थ त्यांना कुणी शिकवला नव्हता, त्या काळी औशात तर्जुमा वाचणारी घरे थोडी. फुफीनेच मग उत्तर दिले. "पढे तो रोज थे," ती म्हणाली आणि पाणी मागितले.

तिला परत जायचे होते की नाही, हे तिने त्या दिवशीही सांगितले नाही. मीही खोदून विचारले नाही. पन्नास वर्षांनी विचारणे म्हणजे तिच्या तोंडून दादांवर फिर्याद घेण्यासारखे झाले असते. 2018 मध्ये ती गेली.

मोहल्ल्यात असे एकटे तिचेच नव्हते. सप्टेंबर 1948 च्या पोलीस ॲक्शननंतर सुंदरलाल समिती हैदराबाद संस्थानात फिरली, तिने सर्वांत जास्त हानी झालेले जिल्हे म्हणून जी चार नावे लिहिली त्यांत उस्मानाबाद होते, आणि औसा तेव्हा त्याच जिल्ह्यात. नांदेड, बीदर आणि गुलबर्गा हे बाकीचे तीन. आमच्या गल्लीत एक म्हातारी होती, तिचा नवरा त्या महिन्यात घरातून गेला तो आलाच नाही. मेला म्हणून कुणी पाहिले नव्हते. कुणी म्हणे कराचीला आहे. तिने गळ्यातला काळ्या मण्यांचा लच्छा मरेपर्यंत काढला नाही. हरवलेल्या नवऱ्याची वाट किती पाहायची याचा उलमांनी विचार केलेला आहे. हनफी मत फार लांब वाट पाहायला लावते, म्हणून गेल्या शतकात मौलाना अशरफ अली थानवी यांनी मालिकी मताचा आधार घेऊन बायकांची वाट मोकळी केली, आणि ब्रिटिश हिंदुस्थानात 1939 च्या कायद्याने चार वर्षे पत्ता नसलेल्या नवऱ्यापासून बाईला सुटका मागता येऊ लागली. त्या म्हातारीपर्यंत यातले काही पोहोचले नाही. ती तेव्हा बावीस वर्षांची होती म्हणतात.

आणि 30 सप्टेंबर 1993 चा भूकंप. किल्लारी आमच्याच तालुक्यातली. पत्र्याच्या शेडमध्ये शाळा भरत होती तेव्हा मी तिथे काही महिने काम केले. माझ्या पाहण्यातल्या विधुरांची लग्ने वर्षाच्या आत लागली, हिंदूंचीही आणि आपलीही. पोरे सांभाळायला कुणी हवे ना! विधवांची फारशी लागली नाहीत. मदतीचा धनादेश त्यांच्या नावावर आल्यावर मात्र दीर आणि भाऊ यांना त्यांची आठवण येऊ लागली.

आपल्या धर्मात विधवाविवाहाला बंदी नाही, असे आपण अभिमानाने सांगतो. खरेच आहे. हजरत खदीजा (र.) आधी विधवा होत्या आणि निकाहचा पैगाम त्यांनी स्वतः पाठवला होता. हे दुसरे वाक्य आपण जरा हळू आवाजात सांगतो.

बरीराची हकिकत तर मला या सगळ्या कादंबऱ्यांहून मोठी वाटते. बरीरा दासी होती, हजरत आयशा (र.) यांनी तिला मुक्त केले. तिचा नवरा मुगीस गुलामच राहिला. मुक्त झाल्यावर त्याच्याजवळ राहायचे की नाही हे ठरवण्याचा हक्क तिला मिळाला आणि तिने त्याला सोडले. तो मदिनेच्या गल्ल्यांतून तिच्या मागे रडत फिरायचा, आसवे दाढीवर ओघळायची. प्रेषित मुहम्मद (स.) यांना त्याची दया आली. त्यांनी बरीराला सुचवले, तू त्याच्याकडे परत गेलीस तर? तिने विचारले, हा आपला हुकूम आहे का? ते म्हणाले, नाही, मी फक्त शिफारस करतो आहे. मग ती म्हणाली, मला त्याची गरज नाही. आणि विषय संपला. तिला कुणी नाशुक्री म्हटले नाही. कादंबरीकाराच्या हाती हा प्रसंग पडता तर त्याने मुगीसच्या आसवांवर दोनशे पाने लिहून शेवटी बरीराला विरघळवले असते.

एका बाजूला माकिलची बहीण, जिला परत जायचे होते. दुसऱ्या बाजूला बरीरा, जिला जायचे नव्हते. दोघींच्या मनासारखे झाले. मधे चौदाशे वर्षे गेली आणि आपण औशाच्या बैठकीत चहा पीत बसलो.

रुजूची वाट तर आपणच बुजवली. परतता यावे, राग निवावा म्हणून एक-एक तलाक आणि मधे इद्दत ठेवलेली. त्याआधी सूरह निसामध्ये दोन मध्यस्थ सांगितलेले, एक तिच्या घरचा आणि एक त्याच्या. तीन तलाक एका दमात म्हटले की ही सगळी दारे एकदम बंद. लातूरच्याच एका जोडप्याच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद येथील पूर्णपीठाने मे 2002 मध्ये हेच सांगितले: तलाक दिला म्हणणे पुरेसे नाही, कारण दाखवा, मध्यस्थ बसवून समेटाचा प्रयत्न केला हे सिद्ध करा. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही शमीम आरा खटल्यात तेच म्हटले. पुढे 22 ऑगस्ट 2017 चा निकाल आणि 2019 चा कायदा आला, त्यावर आपण पुष्कळ भांडलो. नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकणाऱ्या त्या कायद्याने संसार जुळतील असे मला वाटत नाही. पण 2002 च्या निकालावर मशिदीत किंवा मोहल्ल्यात कुणी बोलल्याचे मी ऐकले नाही. तो आपल्या जिल्ह्यातून गेला होता आणि आपल्या कुराणाचा आधार घेऊन गेला होता. आपल्या मुस्लिम मराठी कथेतही तलाक पुष्कळ आला. रुजू फारसा आल्याचे मला आठवत नाही. तलाकच्या प्रसंगी कथा संपते. त्यापुढे बाईला काय हवे होते, हे लिहायला कुणाला सुचत नाही, म्हणून ते काम स्वस्त कादंबऱ्यांनी उचलले. बायकांनी त्या वाचल्या यात नवल काय? अर्धीकच्ची का होईना, परतण्याची गोष्ट तिथेच मिळत होती.

हा विषय माझ्यासाठी पुस्तकातला राहिलेला नाही. माझ्या धाकट्या भावाची मुलगी लातूरला एका औषध दुकानात फार्मासिस्ट आहे. मला ती फुफी म्हणते. तिने 2021 मध्ये खुला घेतला. लॉकडाऊनमध्ये पुण्यातली नोकरी गेल्यावर नवरा बिघडला. तिचा मोबाइल तपासायचा, नोकरी करू नको म्हणायचा, तिच्या पदवीचे कागद त्याने कपाटात कुलूप लावून ठेवले. एकदा हात उगारला, तो खाली आला नाही, असे ती सांगते. तिने मेहर सोडून सुटका घेतली. आता तीन वर्षांनी त्याने निरोप पाठवला आहे. नोकरी लागली आहे, समुपदेशकाकडे जातो आहे, पुन्हा निकाहची इच्छा आहे.

घरात बैठक झाली. भाऊ अगदी दादांसारखा बोलला. एक चुलतभाऊ म्हणाला, हलाला लागेल. मी सांगितले, खुला म्हणजे एकच बाइन तलाक, नवा निकाह आणि नवी मेहर एवढ्यावर होते, मध्ये दुसरा कुणी लागत नाही. मौलानांना फोन लावला, त्यांनीही तेच सांगितले. चुलतभावाचा चेहरा असा झाला जणू त्याच्या हातचे काही गेले. मग सगळे पुन्हा आपसात बोलू लागले आणि मी म्हटले, ती बसली आहे ना इथे, तिला विचारा.

ती लगेच काही बोलली नाही. रात्री माझ्या खोलीत आली. हल्लीच्या पोरींसारखी तीही कॉलीन हूवर वाचते. 'इट एंड्स विथ अस' तिने खुल्याच्या वर्षी वाचली होती. त्यात मारणाऱ्या नवऱ्याला लिली मूल जन्मल्यावर सोडते, आणि शाळेच्या वयातला जुना मित्र तिला पुन्हा भेटतो. मी विचारले, तुझी लिली परत गेली नाही, तुझे काय? ती हसली. "फुफी, तिला ॲटलस होता. माझ्या वर्गातली सगळी पोरे बारावीला लातूर पॅटर्नच्या गाईडांत डोके घालून बसलेली. माझ्यासाठी कुणी थांबलेले नाही." मग म्हणाली, "मला अजून ठरवता येत नाही. तो मला आवडायचा, हे खरे आहे. भीती वाटायची, हेही खरे आहे. आधी भेटून बोलायचे आहे. भाईजान दुसऱ्या टेबलावर बसले तर चालेल."

ते दोघे दोनदा भेटले. तिसऱ्या वेळी तिने एक कागद बरोबर नेला. निकाह झालाच तर निकाहनाम्यात लिहायच्या अटी. पहिली, नोकरी चालू राहील आणि पगार तिच्या खात्यात जमा होईल. दुसरी, तिचा मोबाइल आणि तिचे कागद तिच्याजवळ राहतील. तिसरी, तफवीज: ठरलेल्या गोष्टी मोडल्या तर स्वतःवर तलाक घेण्याचा अधिकार तिच्याकडे राहील. हनफी मताप्रमाणे असा अधिकार नवरा देऊ शकतो आणि तो लिहून घेता येतो. मसुदा मी मराठीत करून दिला, उर्दू प्रत मौलाना करणार आहेत.

पहिल्या दोन अटी त्याने तिथेच मान्य केल्या. तिसरीवर त्याचे चाचा अडून बसले आहेत. असे आमच्या खानदानात कधी झाले नाही, म्हणतात. तो स्वतः काय म्हणतो ते अजून कळलेले नाही. ती म्हणाली, त्याने चाचांना विचारून सांगितले तर मला नको, स्वतः सांगितले तर पाहीन. पुढची बैठक ईदनंतर लातूरला ठेवली आहे, चहापाण्याचा खर्च मुलाकडे.